मंदिरांतील गाणें कोणाचें?

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त गायकवृंद व भाविक ह्यांच्यापुढें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सिद्धता चालली असतां महोत्सव-समितीनें मला ख्रिस्ती उपासनेंतील संगीत ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आणि वक्ता लहान, असें म्हणून अशा वेळीं सुटका करून घेण्याची रीत आहे. परंतु ह्या विषयाचें माझ्याकडे एक जुनें देणें आहे, आणि तें ह्या महोत्सवाच्या वर्षीं तरी फेडावें अशी इच्छा असल्यामुळें मीं ती आज्ञा आनंदानें मान्य केली. तें देणें कोणतें, तें शेवटीं सांगेन.

महोत्सवाच्या मिस्सेसाठीं कोणतीं गीतें निवडावीं, बाहेरून वाद्यवृंद आणावा कीं काय, ध्वनिवर्धक किती लावावे, ह्याविषयीं गेले कित्येक आठवडे आपल्यांत चर्चा चालली आहे. हे सारे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो अद्याप कोणीं विचारलेला मीं ऐकला नाहीं. मंदिरांतील गाणें हें मूळ कोणाचें काम? ज्यांचा गळा गोड आहे त्यांचें, कीं ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्या सर्वांचें? ख्रिस्तसभेनें आपल्या दीर्घ आयुष्यांत ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. त्यांचा थोडा मागोवा घेऊं, म्हणजे आपलें उत्तर शोधणें सोपें जाईल.

आरंभ प्रभूच्या शेवटच्या भोजनापासून करावयास हवा. मत्तय व मार्क ह्या दोघांहि शुभवर्तमानकारांनीं एक लहानशी गोष्ट नमूद करून ठेविली आहे. भोजन आटोपल्यावर प्रभु आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. त्या माडीवर निवडक गवई बसविलेले नव्हते. कोणी मासे धरणारा, कोणी जकात गोळा करणारा, असे ते लोक होते. त्यांनीं प्रभूच्या सुरांत आपला सूर मिळविला. पवित्र मिस्सेची स्थापना ज्या रात्रीं झाली, त्याच रात्रीं तिच्यांतील पहिलें गाणें झालें, आणि तें गाऊन प्रभु मरणाला सामोरा गेला.

पुढें सुमारें ऐंशी वर्षांनीं, म्हणजे सन ११२ च्या सुमारास, बिथुनिया प्रांताचा रोमी अधिकारी धाकटा प्लिनी ह्यानें सम्राट त्रायान ह्याला एक पत्र लिहिलें. त्याच्यापुढें कांहीं ख्रिस्ती लोक आरोपी म्हणून आणलेले होते. त्यांची चौकशी करून त्यानें कळविलें, कीं हे लोक एका ठराविक दिवशीं पहाटेपूर्वीं एकत्र जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनें त्याचें स्तवन म्हणतात. ख्रिस्ती लोकांची ओळख एका परक्या अधिकाऱ्याला पटली ती त्यांच्या गाण्यावरून. ह्या गाण्याला वाद्यांची साथ नव्हती. येरुशलेमच्या मंदिरांत वीणा, झांजा व कर्णे वाजत असत हें खरें. परंतु रोमी जगांत वाद्यें म्हटलीं कीं नाटकगृहें आणि मूर्तींपुढील यज्ञ डोळ्यांपुढें येत, म्हणून त्या काळचे धर्मपिते वाद्यांपासून दूर राहिले. माणसाचा कंठ हेंच तेव्हां ख्रिस्तसभेचें वाद्य होतें.

आतां सन ३८६ मधील मिलान शहरांत चला. बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ह्याची आई जस्टिना ही आरियन पंथाची होती. तिनें शहरांतील एक मंदिर त्या पंथाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम केला. बिशप संत आंब्रोज ह्यांनीं तो मानण्याचें नाकारलें. सैनिकांनीं वेढा घातला, आणि भाविक जन आपल्या बिशपाबरोबर मरण्याची तयारी करून मंदिरांत रात्रंदिवस पहारा करीत राहिले. लोक दुःखानें व थकव्यानें खचून जाऊं नयेत म्हणून पूर्वेकडील देशांच्या रिवाजाप्रमाणें सर्वांनीं मिळून स्तोत्रें व गीतें गाण्याची पद्धत तेथें तेव्हां सुरू झाली. त्या पहाऱ्यांत संत मोनिका होती. ही हकीकत आपल्याला सांगतो तो तिचा मुलगा संत आगुस्तिन. त्याचा बाप्तिस्मा अद्याप व्हावयाचा होता. पुढें मिलानच्या मंदिरांतील तें गाणें ऐकून आपल्या डोळ्यांतून अश्रू कसे वाहिले, हें त्यानें आपल्या आत्मनिवेदनांत लिहून ठेविलें आहे.

परंतु ह्याच संत आगुस्तिनानें त्याच ग्रंथांत आपल्या मनांतील एक भीतीहि लिहून ठेविली आहे. कित्येकदां गाण्यांतील शब्दांपेक्षां गाणाऱ्याचा आवाजच आपल्याला अधिक हलवून सोडतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. आणि तसें झालें म्हणजे आपण पाप केलें असें त्याला वाटे. तरीहि गाणें बंद करावें असें त्यानें म्हटलें नाहीं, कारण ह्या गाण्यानेंच दुर्बळ मनें भक्तीकडे वळतात हें त्याला स्वानुभवानें ठाऊक होतें. हा आनंद आणि ही भीति, दोन्ही खरीं आहेत. ह्यानंतरचा आपल्या संगीताचा सारा इतिहास ह्या दोहोंच्यामध्यें हेलकावे खात आला आहे.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत लाओदिकिया येथील धर्मसभेनें असा नियम केला, कीं व्यासपीठावर चढून ग्रंथांतून गाणारे जे नेमलेले गायक, त्यांच्यावांचून इतर कोणीं मंदिरांत गाऊं नये. हेतु शिस्तीचा असावा. परंतु एक दार त्या वेळीं थोडेसें लोटलें गेलें. पुढील शतकांत तें अधिकाधिक लोटलें गेलें, आणि त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. पश्चिमेकडील लोकांच्या बोली बदलत गेल्या आणि लॅटिन ही त्यांना न कळणारी भाषा झाली. गाण्याच्या चाली वाढल्या, कठीण झाल्या, आणि त्या शिकण्यास मठांतून वर्षानुवर्षें घालवावीं लागूं लागलीं. ज्याला आपण ग्रेगोरियन गायन म्हणतों, त्याला पोप संत ग्रेगरी (५९०–६०४) ह्यांचें नांव मिळालें आहे. परंतु तें आजच्या रूपाला आलें तें त्यांच्या मागून, आठव्या व नवव्या शतकांत, रोमचें गायन आणि फ्रँक लोकांचें गायन ह्यांच्या संगमांतून. इतकें निर्मळ, इतकें शब्दांना जपणारें गायन ख्रिस्तसभेजवळ दुसरें नाहीं. परंतु तें गात होते ते मठवासी व धर्मगुरु. लोक उभे राहून ऐकत होते.

ह्या मठांनीं जगाला जें दिलें त्याचाहि उल्लेख करणें न्यायाचें आहे. अकराव्या शतकांत ग्विदो नांवाच्या इटलींतील एका मठवासीयानें स्वर लिहिण्यासाठीं आडव्या रेघांची पद्धत व्यवस्थित बसविली, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या एका लॅटिन गीतांतील सहा ओळींचीं आद्याक्षरें घेऊन सहा स्वरांना नांवें दिलीं. आपण षड्ज, ऋषभ, गांधार ह्यांचीं पहिलीं अक्षरें घेऊन सा, रे, ग म्हणतों, तशीच ही युक्ति. पूर्वीं गायकाला तयार होण्यास दहा वर्षें लागत, तो आतां एकदोन वर्षांत तयार होतो, असें ग्विदोनें स्वतः लिहिलें आहे. त्याच्या ह्या यशामुळें त्याच्या मठांतील बंधूंना त्याचा मत्सर वाटला आणि त्याला तो मठ सोडून आरेत्सो शहरीं जावें लागलें. गायकवृंदांतील रुसवेफुगवे ही कांहीं आजची गोष्ट नव्हे, हें ऐकून आपल्या मंडळींना थोडा धीर येईल!

पुढें एकाच वेळीं अनेक चाली गुंफून गाण्याची कला फुलली. ती अत्यंत सुंदर होती, पण तिच्यांत शब्द बुडूं लागले. सन १३२४–२५ मध्यें पोप बाविसावे जॉन ह्यांनीं आव्हिन्यों येथून आज्ञापत्र काढून, चालीचे तुकडे तुकडे करून धांवणाऱ्या गायकांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. सन १५५५ मधील एक प्रसंग तर ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पोप दुसरे मार्सेलुस ह्यांची निवड होऊन तीनच दिवस झाले होते. शुभ शुक्रवारची उपासना चालली होती. गायकांचें गाणें दिवसाच्या दुःखाला न शोभेसें झालें. पोपमहोदयांनीं गायकांना बोलावून सांगितलें, कीं ह्या दिवसांतील गाणें प्रसंगाला अनुरूप असावें, आणि जें गाल त्याचे शब्द लोकांना ऐकूं यावे व समजावे. ते केवळ बावीस दिवस पोप होते. परंतु त्यांचें नांव संगीताच्या इतिहासांत अमर झालें, कारण थोर संगीतरचनाकार पालेस्त्रीना ह्यांनीं आपल्या एका मिस्सेला त्यांचें नांव दिलें, आणि तिच्यांतील शब्द खरोखरच स्पष्ट ऐकूं येतात. ह्या मिस्सेनेंच बहुस्वरी संगीताला बंदींतून वांचविलें ही कथा मात्र मागाहून रचलेली आहे. त्रेंतच्या विश्वपरिषदेनें सन १५६२ मध्यें ठरविलें तें एवढेंच, कीं जें कांहीं असभ्य वा अशुद्ध असेल तें संगीत मंदिराबाहेर ठेवावें.

शब्द स्पष्ट झाले, परंतु लोकांचीं तोंडें बंदच राहिलीं. एकोणिसाव्या शतकांत तर इटलीच्या मंदिरांतून नाटकगृहांतील संगीताचा सुळसुळाट झाला. खेडेगांवांतून धर्मगुरु म्हणून वर्षानुवर्षें सेवा केलेले संत दहावे पायस पोप झाले, आणि त्यांनीं पहिल्याच वर्षीं, २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशीं, मंदिरसंगीताविषयीं आपलें आज्ञापत्र काढलें. त्यांत नाटकी संगीताला मज्जाव होता, पियानो व नगारे ह्यांनाहि होता. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ही, कीं ग्रेगोरियन गायन पुनः लोकांच्या मुखीं यावें आणि लोकांनीं उपासनेंत पूर्वींप्रमाणें अधिक सक्रिय भाग घ्यावा, अशी इच्छा त्यांत स्पष्ट सांगितली होती. त्या आज्ञापत्रानें स्त्रियांना गायकवृंदांत स्थान दिलें नव्हतें. तें पुढें १९५५ सालीं पोप बारावे पायस ह्यांच्या परिपत्रकानें मर्यादित रीतीनें मिळालें. आज आपल्या वृंदांत ज्या भगिनी अधिक संख्येनें गातात, त्यांनीं हें लक्षांत घ्यावें, कीं बंद झालेलें दार एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्यानें उघडत आलें.

अखेर दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा आपला पहिला दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनीं मान्य केला. परिषदेनें लॅटिन हद्दपार केली आणि गायकवृंद मोडीत काढले असें आपल्यांत कित्येकजण समजतात. तें खरें नाहीं. त्या दस्तऐवजांत ग्रेगोरियन गायनाला प्रथम मान आहे, गायकवृंदांची जोपासना करावी असें सांगितलें आहे, पाइप-ऑर्गनचा गौरव आहे, आणि त्याचबरोबर प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संगीताला उपासनेंत योग्य स्थान द्यावें असेंहि म्हटलें आहे. परंतु ह्या सर्वांच्या पाठीमागें एकच तत्त्व आहे: उपासनेंत सर्व लोकांचा पूर्ण व सक्रिय सहभाग.

सन १९६७ मध्यें रोमहून ह्याविषयीं सविस्तर सूचना आल्या. त्यांतील एक गोष्ट मी आज मुद्दाम आपल्यापुढें ठेवितों. मिस्सेंतील गाण्याला तेथें तीन पायऱ्या लाविल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे धर्मगुरूचें अभिवादन व लोकांचें उत्तर, प्रार्थना, ‘पवित्र, पवित्र’ हें स्तवन आणि प्रभूची प्रार्थना. दुसऱ्या पायरीवर दयायाचना, गौरवगीत, देवाच्या कोंकराचें गीत वगैरे. आणि तिसऱ्या पायरीवर प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचें गीत. पहिली पायरी गाइल्यावांचून पुढच्या पायऱ्या गाऊं नयेत, असा त्यांतील क्रम आहे. आतां आपण काय करतों तें पाहा. आपण तिसरी पायरी थाटानें गातों, आणि पहिली पायरी घाईघाईनें बोलून टाकतों! पाया न घालतां कळस चढवावा, तसें हें झालें.

कोणी म्हणेल, हें सारें युरोपचें झालें; आपल्या भूमीचें काय? आपल्या भूमीचा वारसा लहान नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं गोव्यांतील साष्टी प्रांतांत राहून सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांनीं ओवीच कां निवडली ह्याचा विचार करा. ओवी ही जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडीं असते. ती म्हणण्यास उस्ताद लागत नाहीं. वारकऱ्यांच्या दिंडींतहि विणेकरी एक चरण म्हणतो आणि टाळकरी तो उचलतात. ऐकणारा म्हणून निराळा कोणी तेथें उरतच नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांनीं लोकांना ख्रिस्तचरित्र दिलें तें लोकांच्या कंठांत बसेल अशा रूपानें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. परंतु हुकूम निघाला म्हणून लोकांच्या तोंडची भाषा निघून जात नाहीं, आणि त्या भाषेंतील गाणेंहि जात नाहीं. ‘ख्रिस्तपुराण’ हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांतून टिकून राहिलें.

त्याच गोव्यांत धर्मग्रामांच्या शाळांतून ‘मेस्त’ नांवाचे संगीतशिक्षक मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरून काढले. इकडे अहमदनगरकडील प्रोटेस्टंट बंधूंत कवि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं अभंग, भजन व कीर्तन ह्या आपल्याच रीतींत ख्रिस्ताचें गुणगान करून दाखविलें. देशी कोणतें आणि परकें कोणतें, ह्यावर आपल्यांत पुष्कळ वाद होतो. परंतु ज्या हार्मोनियमला आपण प्रेमानें पेटी म्हणतों आणि आपली समजतों, ती मूळची पॅरिसची, एकोणिसाव्या शतकांतली आहे. वाद्य कोठून आलें ह्यापेक्षां तें लोकांचा आवाज वर उचलतें कीं दाबून टाकतें, ही कसोटी मला अधिक खरी वाटते.

आतां माझें देणें. ह्या धर्मग्रामांत मी आलों तेव्हां पहाटेच्या मिस्सेला कांहीं वृद्ध स्त्रिया मागच्या बांकांवर बसून गात असत. साथ नाहीं, पुस्तक नाहीं. त्यांची लय संथ होती, सूर मधूनमधून घसरे, आणि एखाद्या गीताचीं सर्व कडवीं त्या शेवटपर्यंत म्हणत, मग मी वेदीपाशीं थांबून राहिलों तरी त्यांना त्याची पर्वा नसे. मला तें अव्यवस्थित वाटलें. सेमिनरींत मीं चांगलें गायन ऐकलें होतें, आणि माझ्या मंदिरांत तसेंच व्हावें असा माझा अभिमान होता. मीं त्या मिस्सेला तरुणांचा वृंद बसविला, की-बोर्ड आणविला, ध्वनिवर्धक लाविले. गाणें सुधारलें ह्यांत शंका नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्या स्त्रियांपैकीं एक मला मंदिराच्या दाराशीं भेटली. मीं मोठ्या समाधानानें विचारलें, “काय आजी, गाणें कसें वाटतें?” ती म्हणाली, “फार गोड, फादर. आतां आम्हांला गावें लागत नाहीं.”

तिनें तें स्तुति म्हणूनच म्हटलें. मीहि तें त्या दिवशीं स्तुति म्हणूनच घेतलें. पुढें एका सकाळीं त्यांच्यापैकीं एकीच्या अंत्यविधीला आम्ही दफनभूमींत उभे होतों. कामाचा दिवस असल्यामुळें वृंद नव्हता. मीं गीत सुरू केलें, आणि माझ्यामागें कोणीच तें उचललें नाहीं. सर्वजण मानेनें भाव दाखवीत उभे राहिले. जी बाई जन्मभर गात आली, तिला आम्हीं माझ्या एकट्याच्या बेसूर आवाजांत निरोप दिला. तेव्हां मला त्या दाराशीं ऐकलेल्या शब्दांचा अर्थ कळला. लाओदिकियाच्या धर्मसभेला नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. तें दार मीं स्वतः ह्याच मंदिरांत, चांगल्या हेतूनें, लोटून घेतलें होतें.

गायकवृंदांतील तरुण मित्रांनो, ह्यांत दोष तुमचा नाहीं. दिवसभर काम करून तुम्हीं रात्रीं सरावाला येतां. तुमच्यावांचून हा महोत्सव सुना होईल. परिषदेनेंहि गायकवृंदाचें स्थान काढलेलें नाहीं, आणि मन लावून ऐकणें हाहि सहभागच आहे, असें त्या १९६७ च्या सूचनांत म्हटलें आहे. परंतु लोकांना पूर्णपणें वगळून सारें गाणें वृंदानेंच गावें, ही रीत तेथें निषिद्ध मानली आहे. विणेकऱ्याचें काम टाळकऱ्यांना गप्प करण्याचें नसतें.

म्हणून माझ्या चार नम्र सूचना आहेत. पहिली माझ्या स्वतःसाठीं: आवाज चांगला नाहीं ह्या लाजेनें मीं वेदीवरून गाणें सोडून दिलें होतें, पुढील रविवारपासून अभिवादन व प्रार्थना मी गाईन, आणि उत्तर तुम्हीं गावें. दुसरी: ‘पवित्र, पवित्र’, दयायाचना आणि प्रभूची प्रार्थना ह्यांच्या चाली वर्षभर बदलूं नयेत, आणि त्या वेळीं वृंदाचे ध्वनिवर्धक मंद ठेवावे, म्हणजे लोकांना स्वतःचा आवाज ऐकूं येईल. तिसरी: महोत्सवापूर्वींच्या प्रत्येक रविवारीं मिस्सेआधीं दहा मिनिटें वृंदानें लोकांत मिसळून बसावें व एक गीत शिकवावें, त्यांत एक जुनें असावें, जें घरोघर क्रुसापुढें व आजाऱ्याच्या खाटेपाशीं म्हणतां येईल. वाद्यवृंद तेथवर येत नाहीं. पाठ असलेलें गाणेंच तेवढें येतें. चौथी: पहाटेची मिस्सा पूर्ववत् बिनवाद्याची व्हावी, आणि तिच्यांतील गाणें पुनः त्या मागच्या बांकांच्या स्वाधीन करावें. त्या आजी अद्याप आपल्यांत आहेत. त्यांची मीं क्षमा मागितली आहे, आणि गीत सुरू करण्याचें त्यांनीं मान्य केलें आहे. कडवीं मात्र सर्व म्हणणार, अशी त्यांची अट आहे; ती मीं स्वीकारली आहे.

पंच्याहत्तर वर्षांपूर्वीं ज्यांनीं हें मंदिर उभारलें त्यांच्यापाशीं ऑर्गन नव्हता, ध्वनिवर्धक नव्हते. त्यांनीं आपल्याला दगडांच्या भिंती दिल्या आणि आपला कंठ दिला. भिंतींना आपण नवा रंग दिला आहे. कंठाचेंहि जतन आपल्या हातून घडो, आणि शंभराव्या वर्षीं ह्या बांकांवर बसणाऱ्या मुलांना तो वारसा अखंड मिळो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करून आणि संत सिसिलियेच्या मध्यस्थीला आपणां सर्वांना सोंपवून मी आपली रजा घेतों. आमेन.